कर्ता, कर्म आणि कांगा : स्वाहिली लोकप्रिय कलांतील स्त्रीपुरुषसंबंध

स्वाहिली भाषेत ‘विवाह करणे’ या अर्थी ‘ओआ’ असा एक धातू आहे. या धातूचा कर्तरी प्रयोग रूढीने केवळ पुरुषाच्या बाबतीत होतो. स्त्रीविषयी बोलताना त्याचे कर्मणी रूप ‘ओलेवा’ योजावे लागते. पुरुष विवाह करतो, स्त्रीचा विवाह केला जातो. आईबाप मुलीचे लग्न लावून देतात तेव्हा प्रयोजक ‘ओझा’ हे रूप येते आणि दोघांनी परस्परांशी विवाह केला असे म्हणावयाचे झाल्यास अन्योन्यार्थक ‘ओआना’ हे रूप उपलब्ध आहे. काडीमोडीच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. ‘आचा’ म्हणजे सोडणे. पुरुष सोडतो, स्त्री ‘आच्वा’ होते, म्हणजे सोडली जाते. एखादा पुरुष बायकोच्या घरी, बायकोच्या जिवावर राहू लागला की लोक थट्टेने त्याच्याबद्दल ‘ओलेवा’ हे कर्मणी रूप वापरतात. आपल्याकडील ‘घरजावई’ या शब्दात जो टोमणा आहे तोच तेथे नुसत्या प्रयोगबदलाने साधतो. थट्टेसाठी वेगळा शब्द घडवावा लागत नाही, व्याकरण पुरेसे होते.

याच्या उलट, व्याकरणिक लिंग म्हणून आपण ज्यास ओळखतो ते स्वाहिलीत नाही. नामांचे वर्ग आहेत, परंतु त्यांची विभागणी स्त्री-पुरुष या तत्त्वावर झालेली नाही. माणसांचा वर्ग एकच. ‘येये’ म्हणजे तो किंवा ती. क्रियापदाच्या आरंभी येणारा तृतीयपुरुषी ‘आ’ दोघांसही समान. मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतील एका मात्रेने बोलणारा पुरुष की स्त्री हे उघड होते. स्वाहिली गीतातील ‘मी’, ‘तू’ आणि ‘तो’ यांबद्दल अशी कोणतीही खूण मिळत नाही. थोडक्यात, स्वाहिलीत लिंगभेद प्रत्ययात नसून प्रयोगात आहे. कोण आहे हे भाषा सांगत नाही. कोण करतो आणि कोणाला केले जाते हे मात्र ती सांगितल्याशिवाय राहत नाही.

व्याकरणावरून समाजाची मनोरचना काढून दाखविण्याचा मोह भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास नेहमीच होतो, आणि तो आवरावा हेच बरे. कर्मणी रूप वापरणाऱ्या स्त्रिया स्वतःस कर्म समजतात असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. मला येथे इतकेच म्हणावयाचे आहे की स्वाहिली किनाऱ्यावरील, म्हणजे झांझिबार, मोंबासा, लामू, टांगा या पट्ट्यातील, स्त्रियांच्या लोकप्रिय कला या दोन व्याकरणिक वस्तुस्थितींच्या फटीत उभ्या आहेत. व्यक्तीविषयीचे मौन त्या वापरतात आणि कर्तृत्वाविषयीचा आग्रह त्या टाळतात. त्या टाळण्याने त्यांच्या हाती काय लागते आणि काय निसटते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयावरील लेखनात दोन भूमिका ठळक दिसतात. जुनी भूमिका पडद्यातील मुक्या स्त्रीची. तिचा मुख्य आधार म्हणजे १८५८ साली म्वाना कुपोना या सियू येथील राजघराण्याशी विवाहसंबंध असलेल्या कवयित्रीने आजारीपणात आपल्या मुलीसाठी रचलेले उपदेशपर काव्य. पतीची मर्जी राखणे म्हणजेच परलोकाची सोय, असा त्यातील उपदेशाचा वरकरणी रोख आहे. ॲलिस वर्नर आणि विल्यम हिचन्स यांनी १९३४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले ते ‘पत्नीधर्म’ या शब्दास शीर्षकात मान देऊनच. अलीकडच्या काही अभ्यासकांना, विशेषतः ॲन बियरस्टेकर यांना, त्याच ओळींत उपरोध ऐकू आला आहे. तो तेथे आहेच असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण नाही असेही सांगता येत नाही, आणि ही अनिश्चितता पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसरी भूमिका गेल्या पाच दशकांतील. मार्गारेट स्ट्रोबेल यांच्या मोंबासातील मुस्लिम स्त्रियांविषयीच्या १९७९ सालच्या ग्रंथाने स्त्रियांच्या नृत्यमंडळांचा इतिहास पुढे आणला. त्यानंतर वस्त्रांवरील लेखन, विवाहगीते, ताराब या सर्वांकडे ‘प्रतिकार’ म्हणून पाहण्याची रीत पडली. स्ट्रोबेल यांचे स्वतःचे विवेचन पुष्कळ सावध आहे. रीत पाडली ती मागून आलेल्यांनी. आपल्या विभागातही स्त्रियांच्या ओव्यांवर वा उखाण्यांवर प्रबंधिका आली की तिच्या शेवटच्या प्रकरणाचे नाव बहुधा न वाचताच सांगता येते. प्रतिकार हा शब्द सोयीचा आहे, आणि सोयीचा असल्यामुळेच तो वापरण्यापूर्वी विचारावयास हवे की कोणाचा कोणास प्रतिकार?

प्रथम कांगा या वस्त्राचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर पोर्तुगीज व्यापारातून आलेले चौकोनी रुमाल जोडून स्त्रिया मोठे वस्त्र शिवू लागल्या. त्यातून छापील जोडवस्त्राची ही चाल निघाली असे मानतात. ‘कांगा’ म्हणजे गिनी कोंबडी; तिच्या ठिपकेदार पिसांवरून हे नाव पडले. दास्यात असलेल्या स्त्रियांच्या अंगावर साधे कोरे ‘मेरिकानी’ कापड किंवा काळपट निळे ‘कानिकी’ असे. झांझिबारमध्ये १८९७ साली दास्याची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली, आणि लॉरा फेअर यांनी दाखविल्याप्रमाणे रंगीत कांगा हे मुक्त झालेल्या स्त्रियांनी आपल्या नव्या दर्जाचे चिन्ह म्हणून अंगावर घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यावर अक्षरे आली. त्याचे श्रेय मोंबासातील कादरदिना हाजी इसाक या भारतीय व्यापाऱ्याकडे दिले जाते. त्याच्या कांगा अब्दुल्ला या नावाने ओळखल्या जात. ही अक्षरे आधी अरबी लिपीत आणि पुढे रोमन लिपीत छापली जाऊ लागली. आजही पुष्कळ कांगा भारतात छापून तिकडे जातात.

कांगाचे तीन भाग असतात : चारी बाजूंचा काठ ‘पिंडो’, मधला भाग ‘म्जी’ (याचा शब्दशः अर्थ गाव), आणि खालच्या बाजूस चौकटीत छापलेले वाक्य, ज्यास ‘जिना’ म्हणजे नाव म्हणतात. हे वाक्य कधी म्हण, कधी प्रार्थना, कधी प्रेमोक्ती, तर कधी सरळसरळ टोमणा असते. माझ्या घरात डोकावू नकोस. मत्सराने तुला काही मिळणार नाही. जे माझे ते माझेच. अशा आशयाची वाक्ये शेकड्याने सापडतात. कांगा विकत घेताना रंगाइतकाच या वाक्याचा विचार होतो. नवरा बायकोस, मुलगी आईस, मैत्रीण मैत्रिणीस कांगा भेट देते. तेव्हा वाक्यही भेट दिले जाते.

रोझ मारी बेक यांनी या व्यवहाराचे जे विश्लेषण केले आहे ते संवादशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. शेजारीण किंवा सवत समोरून जात असता एखादी स्त्री विशिष्ट कांगा नेसून दारात उभी राहते. ती एक अक्षरही बोलत नाही. तिला जाब विचारला तर तिच्याजवळ उत्तर तयार असते : मला रंग आवडला. वाक्य तिने रचलेले नाही, कारखान्याने छापलेले आहे. ते कोणाला उद्देशून आहे हे वाक्यात नाही, आणि आपण वर पाहिल्याप्रमाणे भाषेतही त्याची खूण नाही. ज्या बाईला ते लागले ती रागावली, तर ते आपल्यालाच उद्देशून होते अशी कबुली तिनेच दिल्यासारखे होते. न रागावली तर बाण बसला तो बसलाच. ‘लेकी बोले सुने लागे’ ही आपली म्हण येथे आठवेल. परंतु फरक महत्त्वाचा आहे. आपल्या म्हणीत बोलणारी सासू अधिकारस्थानी आहे आणि लेकीचे निमित्त ती उघडउघड करते. कांगाच्या व्यवहारात बोलणारे कोणीच नाही. वक्ता, रचयिता आणि वाहक या आपण एकत्र मानतो त्या तीन भूमिका येथे सुट्या झाल्या आहेत, आणि बोलल्याची जबाबदारी त्यांच्या मधल्या जागेत कोठेतरी हरवते.

याच कौशल्यास स्वाहिलीत ‘फुंबो’, अनेकवचनी ‘माफुंबो’ म्हणतात; कोडे, गूढार्थ, आडून बोलणे असे त्याचे अर्थ. ते ‘हेशिमा’ म्हणजे प्रतिष्ठेच्या कल्पनेशी घट्ट बांधलेले आहे. थेट भांडणारी स्त्री आपली हेशिमा घालविते. कांगा नेसणारी ती राखून भांडते.

ताराबकडे वळताना मुंबईचा उल्लेख टाळता येत नाही. सुलतान बर्घाश (कारकीर्द १८७० ते १८८८) याने इजिप्तचे संगीत झांझिबारच्या दरबारात आणले, आणि १९०५ साली इख्वानी सफा हे पुरुषांचे संगीतमंडळ निघाले; गीते बहुतांशी अरबीत गायली जात. या संगीतास स्वाहिली बोलावयास लावणाऱ्यांत अग्रणी ठरली ती सिती बिंती साद. झांझिबार बेटावरील फुंबा या खेड्यात १८८०च्या सुमारास गुलाम आईबापांच्या पोटी ती जन्मली. तिचे मूळ नाव ‘म्तुम्वा’, म्हणजे दासी. ‘सिती’ म्हणजे बाईसाहेब. हे नाव तिला पुढे मिळाले. एका आयुष्यात नामाचा अर्थ असा उलटल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. १९२८ साली ग्रामोफोन कंपनीने तिला व तिच्या साथीदारांना मुंबईस आणून त्यांचे गाणे मुद्रित केले. पूर्व आफ्रिकेतील ध्वनिमुद्रणाचा आरंभ असा आपल्या शहरात झाला. मुंबईच्या संगीतेतिहासात या घटनेला जागा मिळालेली नाही ही खेदाची गोष्ट आहे. १९५० साली ती वारली. शाबान रॉबर्ट या थोर स्वाहिली लेखकाने तिचे चरित्र लिहिले.

सितीच्या गीतांपैकी ‘किजिती’ हे येथे महत्त्वाचे. दार-एस-सलाममधून झांझिबारला पाहुणी आलेल्या एका स्त्रीवर बलात्कार करून तिला ठार मारणाऱ्या पुरुषाची ही हकीकत आहे. तो मुख्य भूमीवर पळून गेला आणि न्यायासनासमोर शिक्षा भोगण्याची पाळी आली ती त्या स्त्रीबरोबर असलेल्या बायकांवर. घटना खरी होती आणि गावास ठाऊक होती. गीतात अपराध्याचे नाव आहे, न्यायालय आहे, निवाडा आहे. फुंबोच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यांपुढे सितीने आडपडदा बाजूस सारला. क्रिया कोणी केली आणि ती कोणावर झाली हे तिने जागच्या जागी ठेवले. कर्ता नामनिर्देशासह उभा केला. हे लक्षात ठेवून पुढील ताराब ऐकावे.

झांझिबारमध्ये स्त्रियांची स्वतंत्र ताराब मंडळे निघाली आणि त्यांच्यातील चढाओढ हा गावाच्या करमणुकीचा विषय झाला. परस्परांना खिजविणाऱ्या गीतांची परंपरा वाढत जाऊन १९९०च्या दशकात टांझानियात तिने ‘मिपाशो’ या नावाने धुमाकूळ घातला. ‘पाशा’ हे ‘पाता’ (मिळणे) या धातूचे प्रयोजक रूप : मिळवून देणे, पोचविणे; ‘पाशा मोटो’ म्हणजे ऊन करणे. म्पाशो म्हणजे पोचविलेला आणि चांगला तापवून पोचविलेला बोल. १९९२ साली स्थापन झालेल्या टांझानिया वन थिएटर या संस्थेची खादिजा कोपा आणि प्रतिस्पर्धी मुउंगानो मंडळाची नास्मा खामिस यांचा सामना या काळात विलक्षण लोकप्रिय होता.

तथापि मिपाशोचे मर्म गायिकेत नाही, श्रोत्यांत आहे. केली आस्क्यू यांनी टांगा येथील कार्यक्रमांचे जे वर्णन २००२ सालच्या ग्रंथात केले आहे ते मुळातून वाचावे. गाणे चालू असता श्रोत्यांतील एखादी स्त्री हातात नोट घेऊन उठते आणि नाचत, संथपणे मंचाकडे जाऊ लागते. गायिकेला बक्षीस देण्याची ही रीत, ‘कुतुझा’. परंतु ती कोणत्या ओळीस उठते, कोणाकडे पाहत जाते, वाटेत कोणाच्या खुर्चीजवळ रेंगाळते, यावर सर्वांची नजर असते. ती ओळ त्या क्षणापुरती तिची होते. कवीने लिहिली, गायिकेने गायिली, नोट धरणारीने ती उच्चारली, आणि समोर बसलेल्या सवतीस वा प्रतिस्पर्धिनीस ती पोचली. कधी ती दुसरी बाईही नोट घेऊन उठते, पुढच्या कडव्याला, आणि उत्तर देते. गीतातील ‘मी’ आणि ‘तू’ यांना लिंग नाही, नाव नाही. म्हणूनच ते इतक्या सहज कोणाच्याही अंगावर बसतात, कांगाप्रमाणे.

येथे प्रतिकारवाद्यांना आनंद होतो, आणि काही अंशी तो रास्त आहे. घरात जिला उत्तर देता येत नाही ती येथे चारचौघांत उत्तर देते. पण मला ही रचना पाहताना सारखे जाणवते ते असे की बाण सुटतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या बाईकडे. सवत, शेजारीण, नवऱ्याची मैत्रीण, पाहुणी म्हणून येऊन घर बळकावणारी. ‘उकेवेंझा’ म्हणजे सवतपण हा मिपाशोचा अखंड विषय आहे. ज्याच्यामुळे दोघी सवती झाल्या तो मात्र गीतात क्वचितच संबोधिला जातो. तो पणाला लावलेली वस्तू आहे. ‘ओआ’चा कर्ता तोच, ‘आचा’चा कर्ता तोच, आणि ज्या कलेने जबाबदारी हवेत विरवून टाकण्याची एवढी सूक्ष्म यंत्रणा उभारली तिने पहिल्याप्रथम त्याची जबाबदारी विरवून टाकली. त्यात भर अशी की यातील पुष्कळ गीते पुरुषांनी रचलेली आहेत. स्त्रीने स्त्रीस हिणविण्याचे शब्द पुरुषाने पुरवावेत आणि भाषेत लिंगप्रत्यय नसल्याने ते शिवणीवाचून बसावेत, यास प्रतिकार म्हणताना जीभ अडखळावयास हवी.

आता असे म्हणता येईल की सितीची सरळ वाणी श्रेष्ठ आणि मिपाशो हा तिचा ऱ्हास. माझे स्वतःचे मत काही काळ असेच होते. ते सोडावे लागले ते सुझन हर्श यांच्या १९९८ सालच्या ग्रंथामुळे. केनियाच्या किनाऱ्यावरील काझींच्या न्यायालयांत पतिपत्नींचे तंटे कसे बोलले जातात याचा तो अभ्यास आहे. ग्रंथाच्या शीर्षकातच दोन क्रियापदे आहेत : पुरुष उच्चारतो आणि स्त्री सोसते. तलाकचा उच्चार ही पुरुषाची भाषिक कृती. ‘वुमिलिया’, सहन करणे, हा स्त्रीचा गुण. न्यायालयात मात्र स्त्रीला सांगावे लागते. तिला घरातील हकीकत आरंभापासून, तपशिलासह, नावानिशी, कथन करावी लागते. हर्श यांनी दाखविले आहे की दावे बहुधा स्त्रियाच आणतात आणि पुष्कळदा त्यांना हवा तो निकालही मिळतो. परंतु ज्या कथनाने दावा जिंकला जातो त्याच कथनाने ती स्त्री घरची गुपिते बाहेर काढणारी ठरते. निकाल तिचा, हेशिमा गेली. पुरुष कमी बोलतो आणि मर्यादशील दिसतो.

थेट बोलण्याची किंमत येथे मोजून मिळते. ती कळल्यावर नोट घेऊन उठणारीला भित्री म्हणता येत नाही. कर्ता उघड करणे हे तिला येत नाही असे नाही. केल्यास काय होते हे तिला ठाऊक आहे. सितीला ते परवडले याचीही कारणे होती. घरंदाजपणाची जी प्रतिष्ठा गमावण्याची भीती इतर स्त्रियांस होती ती दासीच्या पोटी जन्मलेल्या, चारचौघांत गाणाऱ्या स्त्रीस समाजाने मुळात दिलीच नव्हती. शिवाय तिच्या गीतातील अपराधी पळून गेलेला होता आणि न्यायासन परक्या राज्यकर्त्यांचे होते. संध्याकाळी त्याच घरी परतून त्याच नवऱ्यास जेवू घालावयाचे नव्हते. म्हणून सिती आणि मिपाशो यांच्यात श्रेणी लावण्यापेक्षा बोलणारीने कोठे परत जावयाचे आहे हा प्रश्न आधी विचारणे शास्त्रीय ठरेल. आडून बोलण्याने नवरा सुटतो ही माझी तक्रार मी मागे घेत नाही. तो का सुटतो याचे उत्तर गीतात शोधणे मात्र सोडले पाहिजे. ते घराच्या आणि न्यायालयाच्या भाषेत आहे.

उन्यागो या, मुलगी वयात आल्यावर केवळ स्त्रियांत होणाऱ्या विधीतील गीतांचा विचार वेगळ्या लेखाचा विषय आहे. तेथे पुरुष श्रोता नसतोच, आणि देहाविषयीचे बोलणे पुष्कळ मोकळे असते. २०१३ साली वारलेल्या बी किदुदे या वृद्ध गायिकेने त्यातील ढोल आणि गीते मंचावर, परदेशापर्यंत नेली. बायकांत बोलावयाचे ते पुरुषांपुढे बोलल्यावर त्याचे काय होते, हे तिच्या कारकीर्दीवरून तपासता येईल.

बोंगो फ्लावा या नव्या संगीतात पुरुषकेंद्री बढाई पुष्कळ आहे आणि त्याबद्दल येथे विस्तार करण्याचे कारण नाही. एका गोष्टीची नोंद मात्र करावीशी वाटते. २०२० सालापासून गाजत असलेली झुचू ही गायिका खादिजा कोपाची मुलगी. त्याच वर्षी मायलेकींनी मिळून एक गीतही मुद्रित केले. लेकीच्या गाण्यात आईच्या मिपाशोचे ठसके कानावर येतात. पण तिची गाणी मुख्यतः चित्रफितीतून, हातातील फोनवर ऐकली जातात. तेथे गीताचा ‘तू’ पूर्वीइतकाच लिंगरहित आणि अनाम आहे, फक्त त्या ओळीला नोट घेऊन उठणारी बाई नाही, आणि तिच्या वाटेवर खुर्चीत बसलेली दुसरीही नाही. कोणत्या ओळीस कोण उठली हे पाहणारा गाव नसेल तर फुंबोचे बोट कोणाकडे वळेल, नवऱ्याकडे की कोणाकडेच नाही, हे ठरविण्याइतकी गीते अजून जमा झालेली नाहीत.